रिंगणातील मल्लाचे कसब कशात असते?

दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्त्यांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. मुरगाव-वास्कोतील शाळकरी मुलांना या मल्लांची नावे आणि त्यांचे ठेवणीतले डाव तोंडपाठ असतात. घरातील वडीलधारे मात्र ‘ही तर लुटुपुटूची लढाई’ म्हणून मान फिरवतात. निकाल आधी ठरलेला असतो, हे गुपित आता राहिलेले नाही. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कुस्ती कंपनीनेच 1989 मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचे मान्य केले होते. मग ज्या खेळात जिंकणे हे कसब नव्हे, त्यात एका मल्लाला उत्तम आणि दुसऱ्याला सुमार कशावरून म्हणायचे?

मातीतल्या किंवा मॅटवरच्या कुस्तीत उत्तर सरळ आहे. 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव असोत किंवा कोल्हापूरच्या खासबाग मैदानात उतरणारा मल्ल असो, प्रतिस्पर्ध्याचा तोल त्याच्या इच्छेविरुद्ध मोडणे हेच त्याचे काम. व्यावसायिक रिंगणात गणित उलटे आहे. शंभर किलोंचा गडी खांद्यावर उचलला जातो, तेव्हा त्यातील बराच जोर उचलला जाणाराच देतो. तो योग्य क्षणी उसळी घेतो, अंग आवळून धरतो. त्याने अंग सैल सोडले, तर भल्या पहिलवानालाही तो डाव जड जाईल.

शिक्षणाची सुरुवात होते ती पडण्यापासून. साधारण 20 फूट लांबी-रुंदीच्या त्या चौकोनात पोलादी तुळयांवर लाकडी फळ्या, त्यांवर पातळ फोम आणि वर ताणलेले कॅनव्हास असते. फळ्या किंचित लवतात आणि दणदणीत वाजतात, एवढीच काय ती सवलत. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, भार पाठीच्या वरच्या रुंद भागावर घ्यायचा आणि त्याच क्षणी दोन्ही हात पसरून जमिनीवर आपटायचे. माकडहाडावर किंवा कोपरावर पडला तो मोडला. हे अंगवळणी पडेपर्यंत नवशिक्याला पुन्हा पुन्हा पाडले जाते.

दुसऱ्याला पाडणे त्याहून अवघड, कारण तेथे आपल्या नव्हे, त्याच्या मानेचा प्रश्न असतो. 1997 च्या ऑगस्टमध्ये ओवेन हार्ट यांनी स्टीव्ह ऑस्टिन यांना डोके खाली करून उचलले आणि खाली बसताना त्यांचे डोके हवे त्याहून खाली राहिले. फरक काही इंचांचा. ऑस्टिन यांचे हातपाय काही काळ बधिर झाले. त्यांनी लढत कशीबशी पूर्ण केली, पण मानेचे दुखणे राहिले आणि 2003 मध्ये त्यांना नियमित कुस्ती सोडावी लागली. हार्ट हे अनाडी नव्हते, नावाजलेले तंत्रज्ञ मल्ल होते. त्यांचे थोरले बंधू ब्रेट यांनी आपल्या कारकिर्दीत कोणाही प्रतिस्पर्ध्याला गंभीर जायबंदी केले नाही, हे अभिमानाने सांगितले आहे. पदकांच्या यादीत न बसणारा हा अभिमान या व्यवसायात फार मोठा मानला जातो.

पेडणे-डिचोलीच्या जत्रांत दशावतार पाहणाऱ्याला या कसबाची दुसरी बाजू लवकर उमगेल. आख्यान कोणते आणि शेवटी कोण मरणार, हे पात्रांना ठाऊक असते; संवादाची लिखित संहिता मात्र नसते. मृदंगाच्या तालावर राजा आणि राक्षस युद्धाला भिडतात, तेव्हा एकाने पाऊल उचलले की दुसऱ्याला त्याचा रोख कळावा लागतो. रिंगणातही असेच चालते. पकडीत डोक्याला डोके भिडलेले असताना पुढचा डाव हळूच कानात सांगितला जातो. रिक फ्लेअर यांच्यासारखे मल्ल बरीचशी लढत अशी जागच्या जागी रचत. उलट रँडी सॅव्हेज यांनी 1987 मधील रिकी स्टीमबोट यांच्याविरुद्धची लढत डावागणिक आधी बांधून घेतली होती. ती लढत आजही वाखाणली जाते. तरीही प्रेक्षक थंड पडले तर चाल बदलण्याची मोकळीक पहिल्या पद्धतीत अधिक, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

देहयष्टी याला पर्याय ठरत नाही. सात फुटांहून उंच असलेले ‘द ग्रेट खली’ 2007 मध्ये जागतिक हेवीवेट विजेते झाले, त्यांना पाहायला गर्दीही लोटली. पण चपळाईची आणि लांबलेल्या लढतीची अपेक्षा त्यांच्याकडून कोणी केली नाही. दारासिंग यांच्याकडे शरीर होतेच, शिवाय आखाड्यातली खरी कुस्ती होती. म्हणूनच 1968 मध्ये मुंबईत लू थेझ यांच्यासारख्या पकडींच्या जाणकारासमोर ते शोभून दिसले.

पुढच्या वेळी लढत पाहताना ठोसा मारणाऱ्याऐवजी खाणाऱ्याकडे पाहावे. पाचव्या मिनिटाला दुखावलेला गुडघा पंधराव्या मिनिटाला तो विसरत असेल, तर तो कच्चा. धावताना लंगडत असेल, जिंकल्यावरही पाय सावरत असेल, तर तो मुरलेला. मात्र पंचाने दोन्ही हात डोक्यावर उंचावून फुलीसारखे धरले, तर सहसा समजावे की दुखापत अभिनयाची नाही. तेथून पुढे वैद्यकीय पथकाचे काम सुरू होते.