देवक
देवक हे मराठी समाजातील अनेक जातींत कुळाचे पूज्य चिन्ह होय. कळंब, उंबर, पंचपल्लव, मोरपीस ही काही परिचित देवके. देवकाचा वृक्ष त्या कुळाने तोडू नये, असा संकेत आहे.

विवाहापूर्वी वधू-वरांच्या घरी देवक बसवितात. एकदा ते बसले की उठेपर्यंत सोयर-सुतक लागत नाही, अशी समजूत आहे. त्यामुळे ऐनवेळी भाऊबंदांत मृत्यू झाला तरी कार्य खोळंबत नाही. रूढीची ही सोय मोठी व्यवहारी म्हणावी लागेल.

समान देवकाची कुळे परस्परांत सोयरीक करीत नाहीत. देवक पित्याकडून येते; म्हणून मराठवाड्यात रूढ असलेल्या मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहास ते सहसा आड येत नाही. याउलट, नाते नसतानाही समान देवकामुळे स्थळे नाकारली जातात. हिंदू विवाह कायदा, १९५५ यात मात्र असा निषेध नाही.