वजन घटविण्यासाठी चालणे की वजने उचलणे?

वजन कमी करावयाचे ठरविले की पहिला प्रश्न उभा राहतो तो व्यायामाच्या निवडीचा. चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे असे हृदयाची व श्वासाची गती वाढविणारे व्यायाम करावेत, की वजने उचलून स्नायू बळकट करावेत? पहिल्या प्रकाराला व्यायामशाळेच्या भाषेत 'कार्डिओ' आणि दुसऱ्याला 'वेट ट्रेनिंग' म्हटले जाते. दोन्ही प्रकारांचे पुरस्कर्ते आपापल्या मताशी ठाम असतात. मात्र या विषयावरील संशोधन पाहिले असता, उत्तर शोधण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. आपल्याला कमी करावयाचे आहे ते वजन की चरबी?

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे अथवा लठ्ठ होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २८.६ टक्के प्रौढांमध्ये सर्वसाधारण लठ्ठपणा आढळला, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये दिसून आला. म्हणजेच वजन फारसे नसूनही पोटाचा घेर वाढलेल्या व्यक्तींची संख्या आपल्याकडे मोठी आहे.

या दोन व्यायामप्रकारांची थेट तुलना करणारा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायामाची सवय नसलेल्या आणि वजन अधिक असलेल्या प्रौढांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने केवळ कार्डिओ, दुसऱ्याने केवळ वजनांचे व्यायाम आणि तिसऱ्याने दोन्ही व्यायाम आठ महिने केले. आहारावर कोणतेही बंधन घालण्यात आले नव्हते. प्रयोग पूर्ण करणाऱ्या ११९ जणांच्या मोजमापांनुसार कार्डिओ गटाचे वजन सरासरी पावणेदोन किलोने घटले. वजने उचलणाऱ्या गटाचे वजन मात्र घटण्याऐवजी सुमारे ०.८ किलोने वाढले. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांचे वजन सुमारे १.६ किलोने कमी झाले.

केवळ वजनकाट्याकडे पाहिल्यास निकाल स्पष्ट आहे. परंतु शरीराच्या घटकांची मोजणी केली असता चित्र बदलते. वजने उचलणाऱ्या गटात जी वाढ झाली ती चरबीची नव्हती. त्यांची चरबी किंचित घटली होती आणि चरबीविरहित भार, ज्यात प्रामुख्याने स्नायूंचा समावेश होतो, सुमारे एक किलोने वाढला होता. दोन्ही व्यायाम करणाऱ्या गटाची चरबी सरासरी २.४ किलोने कमी झाली, शिवाय स्नायूंतही भर पडली. अर्थात या गटाने व्यायामासाठी जवळजवळ दुप्पट वेळ दिला होता, ही बाबही लक्षात घ्यावयास हवी. वेळ मर्यादित असेल तर चरबी घटविण्यासाठी कार्डिओ अधिक फलदायी, आणि स्नायू वाढवावयाचे असतील तर वजनांना पर्याय नाही, असा या प्रयोगाचा सारांश सांगता येईल.

यामागील कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. सत्तर किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपझप चालल्यास साधारणपणे १५० कॅलरी खर्च करते. तितकाच वेळ ताशी आठ किलोमीटर वेगाने धावल्यास हा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. वजनांच्या व्यायामात दोन आवर्तनांच्या मध्ये विश्रांती घ्यावी लागते. त्यामुळे मध्यम श्रमाच्या अर्ध्या तासात बहुधा चालण्याहून अधिक ऊर्जा खर्च होत नाही.

'स्नायू वाढले की झोपेतही चरबी जळते' असा दावा अनेकदा ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही, पण अतिशयोक्त निश्चितच आहे. विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतो, तर एक किलो चरबी साडेचार. काही महिने परिश्रम करून एक किलो स्नायू कमावला, तरी त्यातून होणारी बचत साखर घातलेल्या अर्ध्या कप चहाइतकीही नसते.

मग वजने उचलावीत कशासाठी? याचे उत्तर वजन घटू लागल्यानंतर मिळते. आहार कमी केला की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करू लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लठ्ठ व्यक्तींना सहा महिने नियंत्रित आहार आणि निरनिराळे व्यायाम देण्यात आले. व्यायामाच्या तिन्ही गटांचे वजन सारखेच, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी घटले. मात्र केवळ कार्डिओ करणाऱ्यांचा चरबीविरहित भार ५ टक्क्यांनी कमी झाला, तर वजने उचलणाऱ्यांचा अवघा २ टक्क्यांनी. कार्डिओ गटात नितंबाच्या हाडांची घनताही अधिक घटली. दैनंदिन हालचालींच्या क्षमतेत सर्वाधिक सुधारणा झाली ती दोन्ही व्यायाम करणाऱ्यांमध्ये. जिना चढणे, खुर्चीतून आधाराविना उठणे, तोल सावरणे या गोष्टी उतारवयात परावलंबी होणे टाळतात, आणि त्या स्नायूंवरच अवलंबून असतात.

भारतीयांच्या बाबतीत या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे एकसारखाच होता. तथापि, प्रा. युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के होते, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ, पण आत चरबी अधिक व स्नायू कमी, अशी ही भारतीय शरीरयष्टी आहे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूच शोषून घेतात. त्यामुळे स्नायू कमी असणे हे मधुमेहाच्या दृष्टीने प्रतिकूल ठरते. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख इतकी अंदाजिण्यात आली होती. अशा देशात वजनकाट्यावर दोन किलो कमी दिसावेत म्हणून असलेले स्नायू गमावणे परवडणारे नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने महागड्या व्यायामशाळेचे सदस्यत्व घ्यावे असा नव्हे. स्नायूंना भार हवा असतो, मग तो लोखंडाचा असो वा स्वतःच्या शरीराचा. आपल्या तालमींतील जोर, बैठका आणि मुद्गल फिरविणे हे याच प्रकारात मोडतात. नवशिक्यांनी भिंतीला हात टेकून जोर काढावेत, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव करावा, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलाव्यात. शेवटच्या दोन-तीन वेळा स्नायू थकल्याचे जाणवले पाहिजे आणि सवय होईल तसतसा भार हळूहळू वाढविला पाहिजे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा कार्डिओ व्यायाम आणि किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे आणि दोन दिवस वीस-पंचवीस मिनिटे जोर-बैठका, असा त्याचा सोपा आराखडा होऊ शकतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, सांधेदुखी वा मधुमेह असलेल्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भार उचलताना श्वास रोखून धरू नये, कारण त्यामुळे रक्तदाब एकाएकी वाढतो.

आहाराकडे दुर्लक्ष केल्यास मात्र कोणताही व्यायाम अपुरा पडतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठविलेल्या असतात. या हिशेबाने रोज अर्धा तास चालून ती खर्च करण्यास पन्नास दिवस लागतात, आणि परतताना खाल्लेला एक वडापाव त्या दिवसाची कमाई सहज पुसून टाकतो. वजन उतरविण्याचे मुख्य काम ताटातच होते. त्याबरोबर डाळी, कडधान्ये, दूध, अंडी यांसारख्या पदार्थांतून पुरेशी प्रथिने मिळाली, तरच स्नायू टिकतात.

तेव्हा हृदयासाठी व चरबीसाठी चालावे आणि स्नायूंसाठी भार उचलावा. प्रगती मोजण्यासाठी वजनकाट्याबरोबर शिंप्याची मोजपट्टीही जवळ ठेवावी. भारतीय पुरुषांच्या पोटाचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञांच्या सहमतीने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत नमूद करण्यात आले आहे. जोर-बैठका सुरू केल्यानंतर महिनाभराने काटा जागचा हलला नसेल, पण पट्टी दोन बोटे आत आली असेल, तर व्यायाम सोडण्याचे काहीच कारण नाही. तो योग्य दिशेने चालला आहे.