मोंडो ग्रास : गवत नसलेले गवत

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील बागांत गर्द हिरव्या, बारीक पात्यांचे दाट झुपके लावलेले दिसतात. रोपवाटिकेत त्यांना ‘मोंडो ग्रास’ म्हणतात. नावात ग्रास असले तरी हे गवत नव्हे. ओफिओपोगॉन जॅपोनिकस हे शास्त्रीय नाव असलेली ही वनस्पती शतावरीच्या कुळातील आहे. तिला फिकट जांभळी फुले व पुढे निळी फळे येतात.

तिचे मूळ घर म्हणजे चीन, जपान व कोरियातील जंगले. तेथे मोठ्या झाडांखाली, पालापाचोळा कुजलेल्या, ओलसर पण निचऱ्याच्या जमिनीत ती वाढते. तिच्या मुळांच्या गाठींत पाणी व अन्न साठते. ती सावकाश पसरते आणि बारमाही हिरवी राहते. जपानी लोक तिला ‘ड्रॅगनची दाढी’ म्हणतात.

हे मूळ घर ध्यानात घेतले तर ती कोठे लावावी हे आपोआप कळते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो. तेव्हा उघड्या जागेत तिची पाती करपतात. तेथे आपली हरळीच योग्य होय. मात्र पिंपळ, कडुनिंब यांच्या दाट सावलीत हरळी विरळ होते. अशा ठिकाणी पावसाळ्याच्या आरंभी मोंडो ग्रासचे झुपके फोडून वीतभर अंतरावर लावावेत.

झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी वा पेव्हर ब्लॉक बसविले, तर पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. हे हिरवे आच्छादन माती धरून ठेवते व पाणी मुरू देते. विद्यार्थी मित्रांनी आपल्या आवारातील एक तरी झाड यासाठी निवडावे.