वैनगंगा ओलांडणारी तार
गडचिरोलीहून चंद्रपूरला जाणारा रस्ता वैनगंगेचा पूल ओलांडून व्याहाड, सावली, मूल अशी गावं घेत पुढे जातो. २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या गोंडवाना विद्यापीठाची महाविद्यालयं या नदीच्या दोन्ही काठांवर आहेत. इथे विद्यापीठाच्या आवारातल्या नेटवर्कचं राउटिंग आखायला बसणाऱ्याने आवाराच्या नकाशाआधी नदीचा आणि रस्त्यांचा नकाशा उलगडावा, असं माझं मत आहे.

आतलं काम त्या मानाने सोपं. प्रत्येक इमारतीला स्वतंत्र सबनेट दिलं, की प्रयोगशाळेत कुणी केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली तरी परीक्षा विभाग ठप्प होत नाही. इमारतींमध्ये ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल चालवावा. राउटर शेजाऱ्याला सहसा दर १० सेकंदांनी हाक देतो, ४० सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर त्याला वगळतो आणि डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या रीतीने उरलेल्या जोडण्यांतून जवळची वाट काढतो. चार इमारतींना एवढा थाट कशाला, हाताने लिहिलेले स्टॅटिक रूट पुरतील, हा आक्षेप रास्तच आहे. एकेरी तारेवरच्या इमारतींना ते पुरतातही. पण तारांचं कडं केलं की प्रत्येक इमारतीला दोन वाटा मिळतात, आणि त्यांतली कोणती चालू आहे हे मध्यरात्री बघायला कुणी बसलेलं नसतं.

खरी फसगत बाहेरच्या वाटेवर. डीफॉल्ट रूट बहुधा आवारातच बसवलेल्या सेवादात्याच्या उपकरणाकडे बोट दाखवतो. उद्या सावलीजवळ जेसीबीने फायबर तोडली तरी त्या उपकरणाशी असलेली जोडणी शाबूतच. राउटर निर्धास्त, आणि पॅकेट मात्र कुठेच पोचत नाहीत. म्हणून नदीपलीकडचा एखादा पत्ता सतत पिंग करत राहावा आणि तो गप्प झाला की रूट आपोआप दुसऱ्या जोडणीवर वळवावा. ही दुसरी जोडणी नुसती दुसऱ्या कंपनीची असून भागत नाही. दोन कंपन्यांच्या तारा एकाच पुलावरून, एकाच चरातून गेल्या असतील तर ओएसपीएफलाच काय, वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्क जोडणाऱ्या बीजीपी प्रोटोकॉललाही त्या चराचा पत्ता नसतो. दुसरी तार आरमोरी, ब्रह्मपुरीमार्गे नागपूरकडे गेलेली हवी. तीही वैनगंगाच ओलांडते, असं कुणी म्हणेल. ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्द धरणाच्या पाण्याने महापूर आला तेव्हा ब्रह्मपुरी आणि सावली या दोन्ही तालुक्यांना फटका बसला होता. पण जेसीबी दोन्हीकडे एकाच दिवशी चालण्याची शक्यता फार कमी, आणि तारा अधिक वेळा तुटतात त्या खोदकामाने. पुरासाठी टॉवरवरची एक अरुंद तिसरी जोडणी ठेवावी, तिचा रूट सर्वांत शेवटच्या पसंतीचा असावा आणि तिच्यावर फक्त परीक्षा विभागाच्या सबनेटला सोडावं. वसतिगृहातले व्हिडिओ त्या दिवशी थांबले तर थांबोत.