दुनळीची तोंडओळख

बारा बोअरची दुनळी नव्या मुलाच्या हाती दिली की पहिला धडा बार काढण्याचा नसतो, ती उघडण्याचा असतो. वरची कळ उजव्या अंगठ्यानं बाजूला सारायची आणि डाव्या हातानं नळ्या खाली झुकवायच्या. बंदूक बिजागरीवर दुमडते, दोन्ही नळ्यांची मागची तोंडं उघडी पडतात. आरपार उजेड दिसला की ती रिकामी. तिला धरणाऱ्याला हे कळतं, आणि उघडी दुमडलेली बंदूक चार हात लांब उभ्या माणसालाही कळते. एअर रायफल सुरक्षित आहे हे दाखवायला नळीत केशरी दोरी घालावी लागते. दुनळीला वेगळी खूण लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरात नेमबाजीकडे वळणारं पोर साधारणपणे एअर रायफल किंवा एअर पिस्तूल हाती घेतं. त्याचं कारण सरळ आहे. दहा मीटरची रेंज एखाद्या सभागृहात मावते, घरच्यांना खर्च झेपतो, पाऊसपाण्याची अडचण नाही. एनसीसीतल्या मुलामुलींची ओळख पॉइंट टू-टू रायफलशी होते. शहरात 1977 पासून सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. एनडीएचं स्वप्न घेऊन तिथं येणाऱ्या मुलांना शस्त्रांचं कुतूहल शिकवावं लागत नाही. आदर्शही समोर आहेत. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. तिघंही कोल्हापूरकडचे आणि तिघंही रायफल-पिस्तूलवाले.

शॉटगनचं, म्हणजे दुनळीनं उडत्या तबकड्या फोडण्याच्या खेळाचं, नाव निघालं की आपल्याकडची मुलं राजस्थान-पंजाबकडे बोट दाखवतात. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये दुसरे आले. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य मिळवलं. पॅरिसला अनंतजीतसिंह नरुका आणि माहेश्वरी चौहान यांचं स्कीटमधलं मिश्र कांस्य 44-43 असं एका तबकडीनं हुकलं. हा खेळ आपला नव्हेच, अशी समजूत त्यातून पक्की होते.

दुनळी मात्र मराठवाड्याला परकी नाही. जुन्या देशमुखी-पाटीलकीच्या वाड्यांतल्या कपाटांत ती अजूनही सापडते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा काळ संपवला, आणि ते योग्यच झालं. त्यानंतर या बंदुका बाहेर येतात त्या तेलपाण्यासाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी आणि निवडणुकीआधी ठाण्यात जमा करण्यासाठी. परवानाधारक वारला, सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो, अशी तरतूद 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. वारसाचं वय मात्र 21 पूर्ण हवं. आजोबांची बंदूक नातवाकडे येते ती याच वाटेनं.

या बंदुकीला दोन नळ्या का, हे सांगायला संभाजीनगरपासून फार लांब जावं लागत नाही. 28 एप्रिल 1819 रोजी कॅप्टन जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी शिकारीच्या निमित्तानं अजिंठ्याच्या दरीत आला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याच्या जमान्यातल्या बंदुका ठासणीच्या होत्या. दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, सगळं नळीच्या तोंडातून गजानं ठासायचं. बार फुकट गेला तर पुन्हा भरेपर्यंत जनावर डोंगरापलीकडे. लगेच दुसरा बार हवा तर दुसरी नळीच हवी. मागून काडतूस भरायची, बिजागरीवर उघडणारी बंदूक पुढे फ्रान्समध्ये रुळली. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांनी बंदूक उघडतानाच आतले घोडे चढतील अशी रचना केली. आज कपाटात सापडणाऱ्या बिनघोड्याच्या बहुतेक दुनळ्यांच्या पोटात तिचीच कुठली तरी आवृत्ती असते. मुलांना हे नुसतं सांगू नये. जाणत्या कारागिरानं पोटाखालची पाटी काढून दाखवावी. कमान, अडकण, घोडा असे मोजके भाग आणि त्यांचं एकमेकांत गुंतणं पाहताना मोबाइलमध्ये बुडालेलं पोरही मान वर करतं.

वारशानं आलेली बंदूक मैदानावर नेण्याआधी तपासावी लागते. इथं घाई नको. नळ्या वेगळ्या करून उजेडाकडे धराव्यात आणि आत पाहावं. आतल्या भिंतीवर पडलेली सावलीची वर्तुळं सरळ रेषेत दिसली पाहिजेत. कुठं वाकडी झाली तर तिथं पोचा आहे. मग नळ्या खालच्या कडीवर बोटानं लोंबकळत धरून लाकडानं हलकं टिचकावं. देवळातल्या घंटेसारखा नाद घुमला तर दोन नळ्यांमधली डाखाची पट्टी शाबूत, बद्द आवाज आला तर कुठं तरी सुटली आहे. नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस पद्धतीची, बहुधा काळ्या दारूच्या काळातली. आजचं काडतूस तिच्यात घालू नये. ती भिंतीवर शोभते.

सर्वांत फसवी गोष्ट खजिन्याची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची. कितीतरी जुन्या दुनळ्यांचा खजिना 65 मिलिमीटरचा असतो. आजचं 70 चं काडतूस त्यात विनातक्रार बसतं, कारण ही लांबी तोंड उलगडल्यानंतरची आहे. बार उडाला की उलगडणाऱ्या तोंडाला जागा पुरत नाही आणि दाब भलताच वाढतो. आपल्या खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं घेतानाही खोक्यावरचा आकडा नळीवरच्या आकड्याशी जुळवावा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल जन्मभर आकडा वाचल्याशिवाय काडतूस घालत नाही.

मग येतो खांदा. पहिले काही दिवस काडतूस नाहीच. आरशासमोर उभं राहायचं, आरशातल्या स्वतःच्या डोळ्याकडे पाहायचं आणि बंदूक उचलायची. दस्ता आधी गालाला, मग खांद्याला. मान खाली घालून गाल दस्त्याकडे नेला की चुकलं. रायफलवरून आलेल्या मुलांना हे फार जड जातं. त्यांच्या अंगी मुरलेलं असतं की श्वास रोखा, माशीवर नजर ठेवा, चाप हळूच दाबा. इथं नजर तबकडीवर. नळीच्या टोकावरचा पितळी मणी फक्त जाणवायचा, पाहायचा नाही, आणि बार काढताना नळी थांबवायची नाही.

स्कीटची तबकडी ताशी 90 किलोमीटरच्या आसपास सुटते. वीसेक मीटरवरून आडवी जाताना तिला गाठायला छर्ऱ्यांना सेकंदाचा विसावा भाग लागतो. तेवढ्यात ती मीटरभर पुढे सरकलेली असते. म्हणून बार तिच्यावर टाकायचा नाही, तिच्या पुढच्या मोकळ्या हवेत टाकायचा. अकरा सेंटिमीटर व्यासाची, 105 ग्रॅमची ती काळी नाहीतर केशरी चकती धूळ होऊन विखुरते तेव्हा एअर रायफलच्या 10.9 गुणांपेक्षा वेगळंच काही तरी पोराच्या चेहऱ्यावर उमटतं. निकाल पडद्यावर वाचावा लागत नाही.

आडव्या दुनळीचे दोन चाप हा तिचा खरा धडा आहे. पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. उजवी जरा मोकळी, तिचे छर्रे लवकर पसरतात; डावीचं तोंड आवळलेलं, ती लांबवर राखते. पहिला बार चुकला की तबकडी दूर गेलेली असते आणि बोट नेमकं आवळलेल्या नळीच्या चापावर सरकतं. ऑलिम्पिकच्या मैदानावर आज उभी दुनळी चालते, नळीवर नळी, चाप एक. आजोबांच्या आडव्या दुनळीनं कुणी पदक आणणार नाही, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावं. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत एका तबकडीला दोन बार मिळतात. दुसऱ्या बाराचा विचार पहिल्याच्या आधी करायची सवय आडवी दुनळीच सर्वांत चांगली लावते.

राहिला प्रश्न जागेचा. बारीक छर्रे दोनशे मीटरपर्यंत पडतात, म्हणजे सभोवार त्याहून अधिक मोकळं रान हवं, तोंड उत्तरेकडे हवं म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. असे माळ मराठवाड्यात आहेत. शिसं मातीत साठतं, म्हणून रोहित पक्षी उतरतात त्या नाथसागराच्या काठापासून आणि कुठल्याही पाणवठ्यापासून ते लांबच असावेत. सुरुवातीला ट्रॅपच्या खंदकातली पंधरा यंत्रं लागत नाहीत. हातानं ओढायचं एक यंत्र, तबकड्यांची चार खोकी, 24 ग्रॅमची हलकी काडतुसं, कानाला आणि डोळ्याला संरक्षण, तपासलेली एक दुनळी, आणि परवाना असलेला, घाई न करणारा एक प्रशिक्षक एवढ्यावर मान्यताप्राप्त क्लबला आरंभ करता येतो.