विनामूल्य फाइल सर्व्हरचा हिशेब

कार्यालयातील निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली पत्रे, हिशेब आणि आराखडे एके ठिकाणी साठवून ते ज्याच्या त्याच्या अधिकारानुसार सर्वांना उघडता यावेत, यासाठी राखून ठेवलेल्या संगणकाला फाइल सर्व्हर म्हणतात. विंडोज १० किंवा ११ असलेल्या साध्या संगणकावरील फोल्डर शेअर करूनही हे काम भागते. मात्र त्या प्रणालीच्या परवान्यानुसार अशा वापरासाठी २० पेक्षा अधिक उपकरणे जोडता येत नाहीत. त्यापुढे विंडोज सर्व्हर घ्यावा, तर त्याच्या प्रमाणित आवृत्तीसाठी सर्व्हरच्या परवान्याखेरीज प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा उपकरणामागे जोडणीचा वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो आणि माणसे वाढतील तसा हा खर्चही वाढत जातो.

या खर्चाला सांबा हा जुना आणि कसाला उतरलेला पर्याय आहे. विंडोज संगणक परस्परांशी फाइलींची देवाणघेवाण ज्या ठरावीक नियमांनी करतात, त्या नियमसंचाला एसएमबी म्हणतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधक विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१च्या अखेरीस या देवाणघेवाणीचे निरीक्षण करून तेच काम युनिक्सवर करणारा प्रोग्राम लिहिला, आणि पुढे एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारा शब्द शोधताना त्याला सांबा हे नाव मिळाले. हे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते, त्याला माणशी शुल्क नसते आणि २०१२च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीपासून ते सर्व वापरकर्त्यांची खाती एकत्र सांभाळणारे ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे कामही करू शकते.

लिनक्सच्या आज्ञा टंकित करण्याची सवय नसलेल्यांसाठी ओपनमीडियाव्हॉल्ट आणि ट्रूनॅस या प्रणाली सांबाचाच आधार घेतात, पण त्यांची मांडणी ब्राउझरमधून करता येते. पहिली जुन्या, बेताच्या संगणकावरही चालते. दुसरी किमान ८ जीबी रॅम मागते, परंतु तिच्यातील झेडएफएस ही साठवणपद्धत बिघडलेली माहिती ओळखते आणि फाइलींची आधीची स्थिती परत मिळवण्याची सोय देते.

विनामूल्य याचा अर्थ बिनखर्ची असा मात्र नव्हे. एकच मजकूर दोन डिस्कवर लिहिणारी रेड व्यवस्था एक डिस्क निकामी झाल्यास काम थांबू देत नाही, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. म्हणून बॅकअपची प्रत वेगळ्या जागी ठेवावीच लागते. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने विंडोजमधील एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेतला होता, हे ध्यानात घेता ती जुनी आवृत्ती बंद ठेवणे आणि अद्यतने वेळेवर बसवणे हेही ओघाने आलेच.

तेव्हा, लिनक्स जाणणारा माणूस हाताशी असेल तर छोट्या कार्यालयाने सांबा निःशंक निवडावा, आणि परवान्यांचे वाचलेले पैसे आधी बॅकअपच्या डिस्कवर व यूपीएसवर खर्च करावेत.