हंडी फोडणारे रोबो आणि त्यांच्यामागचे तीन गट

२००८ साली पुण्यात आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धा भरली, तेव्हा खेळ होता दहीहंडीचा. लोणी काढायचं ते रोबोंनी!

असा रोबो घडवताना कॉलेजच्या क्लबात कामं सहसा तीन गटांत वाटली जातात. मेकॅनिकलवाले आराखडा काढून सांगाडा, चाकं आणि पकड तयार करतात. इलेक्ट्रॉनिक्सवाले बॅटरी, मोटर ड्रायव्हर, सेन्सर जोडतात. प्रोग्रॅमिंगवाले सेन्सरचे आकडे वाचून मोटरला हुकूम देणारा कोड लिहितात.

वाटणी झाली तरी गट सुटे राहू शकत नाहीत. पकडीचं वजन वाढलं, की मोटर जास्त वीज ओढते. ड्रायव्हर तापतो, वेगाचं गणित बिघडतं आणि कोडमधले आकडे पुन्हा बसवावे लागतात. म्हणून वजन, जागा आणि विजेची मर्यादा तिन्ही गटांनी सुरुवातीलाच एकत्र बसून ठरवायची असते.